कवटी आणि मेंदू यांच्या मधे

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, तासगाव भागातल्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्या उभ्या असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मोटारसायकल जाऊन धडकते. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, घरी फोनही करतो. जमलेली माणसं म्हणतात, "वाचला बघा, नुसतं खरचटलंय." बहुतेक वेळा ते खरं ठरतं. पण काही जणांच्या कवटीत धोका तेव्हाच वाढायला लागलेला असतो.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. मेडिकल कॉलेजात बरणीतला मेंदू घट्ट दिसतो, तो औषधात ठेवल्यामुळे. जिवंत मेंदू इतका मऊ असतो, की टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच वजनानं पसरेल. वरचा घड्याघड्यांचा मोठा मेंदू विचार, बोलणं, हालचाल सांभाळतो. मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू; तालमीतल्या पैलवानाचा तोल तो राखतो. या सगळ्याच्या खाली मेंदूचा देठ. श्वास त्याच्या हुकमावर चालतो. तो कवटीच्या तळातल्या मोठ्या छिद्रातून खाली मज्जारज्जूला मिळतो.

एवढ्या मऊ अवयवाभोवती आठ हाडांची पेटी आहे आणि तिच्या आत तीन आवरणं. हाडाला चिकटलेलं जाड, चिवट आवरण म्हणजे ड्युरा. त्याच्या आत पातळ अरॅक्नॉइड. सगळ्यात आतलं, 'पाया' नावाचं आवरण मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरलेलं असतं. अरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामध्ये स्वच्छ पाणी खेळतं, त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. एका वेळी ते जेमतेम १५० मिलिलिटर असतं, पण दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. कृष्णेत पोहायला उतरल्यावर अंग हलकं होतं, तसा या पाण्यात मेंदू हलका होतो. कवटीच्या तळावर त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच पडतो.

आता कानशिलाकडे या. इथं कवटीचं हाड पातळ असतं आणि आतून, ड्युराला लागून, एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. रक्त हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये साठू लागतं. कवटी फुगत नाही, म्हणून जागा करायला आधी मस्तिष्क-मेरुद्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो. तोवर माणूस बोलतो, चालतो, जेवतोसुद्धा. सरकण्याजोगं काही उरलं नाही की दाब झपाट्यानं चढतो, मेंदू खालच्या छिद्राकडे ढकलला जातो, देठ दाबला जातो आणि श्वास थांबू शकतो. हे काही तासांतच घडू शकतं.

म्हणून "दमलाय, झोपू दे" हे वाक्य मला फार घातक वाटतं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, हलवूनही नीट जाग न येणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, झटके येणं, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. सांगली-मिरजेला, जिथं सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन आहेत, तिथं लगेच न्या. कवटी उघडून साठलेलं रक्त वेळेत काढलं तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. हेल्मेटही कानशील झाकणारं घ्या आणि त्याचा पट्टा लावा. डोक्यावर नुसती टोपी ठेवल्यासारखं अर्धं हेल्मेट ही जागा उघडीच सोडतं.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं असतं. वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यापासून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. दाराच्या चौकटीवर डोकं आपटणंही मग पुरतं. ड्युराच्या आतल्या बाजूला रक्त हळूहळू, कित्येक आठवडे साठत राहतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आजोबा अडखळत चालतात, नावं विसरतात, दिवसा पेंगतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. अशा वेळी डॉक्टरांना महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचा तो किरकोळ मारही आवर्जून सांगा. तपासात रक्त साठलेलं दिसलं, तर बऱ्याचदा कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येतं आणि आजोबा पुन्हा आपल्या पायांनी चालू लागतात.