बफरमध्ये घातलेलं आम्ल जातं कुठे?

आम्ल घातलं तरी ज्याचा सामू (pH) फारसा हलत नाही, ते द्रावण म्हणजे ‘बफर’. रसायनशास्त्रात ही कल्पना आली ती माल्टच्या अर्कातून. १९०० साली फेर्नबाख आणि ह्युबेर हे फ्रान्सचे संशोधक मोड आणलेल्या बार्लीतल्या, प्रथिनं फोडणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) काम करत होते. अर्कातले फॉस्फेट घातलेल्या आम्लाचा परिणाम सौम्य करतात, हे त्यांनी टिपलं आणि त्याला ‘ताम्पाँ’ म्हटलं. रेल्वेच्या डब्याचा बफरही फ्रेंचमध्ये ताम्पाँच. उपमा झकास, पण थोडी फसवी. डब्याचा बफर दबून परत उसळतो. द्रावणातला खर्च होतो.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी सामूची मोजपट्टी मांडली. विकराचं काम एकूण आम्लावर नाही, मोकळ्या हायड्रोजन आयनांवर अवलंबून असतं, हा त्यांचा मुद्दा. त्याच्या एक वर्ष आधी हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी दाखवलं होतं की हे मोकळे आयन किती, ते सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या गुणोत्तरावर ठरतं. १९१६ मध्ये हासेलबाल्क यांनी त्याच समीकरणाला लॉगरिदमचं रूप दिलं.

एक लिटर द्रावणात ०.१ मोल अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम अ‍ॅसिटेट घ्या. गुणोत्तर १, म्हणून सामू अ‍ॅसिटिक आम्लाच्या स्थिरांकाइतकाच (pKa), ४.७६. (मीटर ४.६५च्या आसपास दाखवेल. तो आयनांच्या गर्दीचा परिणाम. मीटर बिघडलेला नाही.) आता एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलि घाला, म्हणजे ०.०१ मोल. अ‍ॅसिटेट हे हायड्रोजन आयन उचलतं आणि स्वतः अ‍ॅसिटिक आम्ल होतं: अ‍ॅसिटेट ०.०९, आम्ल ०.११. सामू ४.६७. तेवढंच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात पडलं असतं, तर सामू ७ वरून थेट २ वर आला असता. आम्ल नाहीसं झालेलं नाही. तीव्र आम्लाच्या जागी सौम्य आम्ल आलंय, इतकंच.

एकूण ९० मिलि घातल्यावर सामू ३.५च्या जवळ येतो. १०० मिलिला अ‍ॅसिटेट संपतं, सामू २.७ होतो, आणि पुढचा प्रत्येक थेंब पाण्यात पडल्यासारखाच.

ही सहनशक्ती मोजायला १९२२ मध्ये व्हॅन स्लाइक यांनी माप दिलं: सामू किंचित हलवायला, दर एककाच्या हिशोबाने, लिटरमागे किती मोल लागतात. वरच्या द्रावणासाठी ते सुरुवातीला ०.११५ येतं. प्रयोगशाळेतली नेहमीची चूक इथेच होते. बफर दहापट पातळ केला तरी सामू जवळपास तोच दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ताकद दहावा हिस्सा उरलेली असते. त्याच्या एक लिटरमध्ये तेच १० मिलि घातले की सामू ३.२.

हेंडरसन यांचा खरा रोख रक्तावर होता, आणि तिथे गंमत आहे. तिथला बफर म्हणजे कार्बोनिक आम्ल (विरघळलेला कार्बन डायऑक्साइड) आणि बायकार्बोनेट यांची जोडी. रक्ताचा सामू ७.४, कार्बोनिक आम्लाचा स्थिरांक ६.१, दोन्हींत अंतर मोठं, म्हणून कागदावर हा बफर कमकुवतच. बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोल, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२. बाटलीबंद रक्तासारखं धरून १० मिलिमोल आम्ल घातलं, तर या जोडीच्या हिशोबाने सामू ६.२. पण तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांनी बाहेर टाकून पातळी १.२ वरच राखली, तर ७.१७.