पेयजल प्रदूषण आणि कंपन्यांचे दायित्व (ग्रामीण विदर्भ)

कारखाना, खाण किंवा वीजकेंद्रामुळे गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत नासला, तर तो पूर्ववत करणे, तोवर गावाला शुद्ध पाणी पुरवणे आणि झालेल्या हानीची भरपाई देणे ही त्या कंपनीची कायदेशीर जबाबदारी ठरते. कंपनी खासगी आहे की सरकारी, याने फरक पडत नाही. विदर्भात हे ठासून सांगावे लागते, कारण कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही मोठी औष्णिक वीजकेंद्रे महानिर्मितीची आणि बहुतेक कोळसा खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे दोन्ही सरकारीच आहेत.

कोळसा जळाल्यावर उरणारी राख पाण्यात कालवून पाइपाने राख तलावात सोडतात. राख तळाशी बसते, पाणी मात्र मुरत राहते. त्याबरोबर सल्फेट, बोरॉन आणि अल्प प्रमाणात आर्सेनिक, पारा, सेलेनियम असे घटक भूजलात उतरू शकतात. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शिवारात व नाल्यांत पसरला. अशी घटना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडते, म्हणून तिची दखल तरी घेतली जाते. रोज थोडे थोडे झिरपणारे पाणी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ते आधी घरातल्या बाईला कळते: तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पाण्याच्या गुंडाच्या (घागरीच्या) आतल्या बाजूला पांढरा थर धरतो, रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या तळाशी करडा गाळ बसतो. या खुणांनी काही सिद्ध होत नाही. निव्वळ जड पाण्यानेही डाळ शिजत नाही. पण तपासणीची सुरुवात इथूनच होते आणि तिला हसण्यावारी नेणे चूक आहे.

कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो की, इथले पाणी मुळातच वाईट. तो सर्वस्वी खोटा नाही. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा नैसर्गिक आहे. यवतमाळ व चंद्रपूरच्या काही भागांत खडकातूनच फ्लोराइड येते. भारतीय मानक 10500 नुसार पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. त्यामुळे एकट्या फ्लोराइडच्या आकड्यावर दावा उभा राहत नाही. सल्फेट आणि बोरॉन सोबत वाढले असतील, राख तलावाजवळच्या विहिरींत ते जास्त आणि दूरच्या विहिरींत कमी असतील, तर मात्र बोट तलावाकडे जाते. याहून मोलाचे असतात प्रकल्प येण्याआधीचे तपासणी अहवाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी अनेक तालुक्यांत आहेत; त्यांच्या जुन्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना दिलेल्या तपासणी संचातून फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा समजतो. पारा वा आर्सेनिकसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

कायद्याचा पाया जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 हा आहे. कलम 24 नुसार प्रवाहात वा विहिरीत प्रदूषक सोडण्यास मनाई आहे. कलम 33-अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. खटल्यासाठीचा सांडपाण्याचा नमुना मात्र मंडळाच्या अधिकाऱ्याने, नोटीस देऊन, कलम 21 च्या रीतीने घेतलेला असावा लागतो. गावकऱ्यांनी स्वतः भरून नेलेली बाटली तिथे टिकत नाही, आणि कित्येक तक्रारी इथेच अडतात. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचे तसे नाही. 2010 च्या कायद्याप्रमाणे लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नाही, आणि ‘प्रदूषकाने भरावे’ हे तत्त्व लावणे त्याला बंधनकारक आहे. विदर्भातील प्रकरणे त्याच्या पुणे पीठाकडे जातात. भरपाईचा अर्ज दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. अधिकाऱ्यांच्या तोंडी आश्वासनांवर विसंबून हा काळ निघून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात ‘प्रदूषकाने भरावे’ हे तत्त्व लागू केले. रासायनिक कारखान्यांच्या गाळाने तिथल्या विहिरी नासल्या होत्या. त्याच वर्षीच्या, तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांबाबतच्या वेल्लोर निकालात, आपल्या कृतीने पर्यावरणाला हानी होत नाही हे उद्योगानेच सिद्ध करावे, असे म्हटले आहे. बिछडीच्या कारखान्यांनी द्यायच्या पैशांसाठी मात्र 2011 मध्येही न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. निकाल हाती आला म्हणजे विहीर साफ झाली, असे कोणत्याही गावाने धरून चालू नये.

ग्रामीण विदर्भात या दायित्वाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो दानातून. चौकात पाणी शुद्ध करणारे आर.ओ. यंत्र बसते, त्यावर कंपनीचा फलक लागतो, फीत कापली जाते आणि तक्रार थंडावते. यंत्राचा फिल्टर वेळेवर बदलला नाही की लोक पुन्हा हापशीवर. कंपनी कायद्याच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियमांनुसार, दुसऱ्या कायद्याने आलेले बंधन पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे विहीर कंपनीने नासवली असेल, तर पर्यायी पाणी देणे हे तिचे देणे आहे, उपकार नाही. खाणचालकांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचेही तसेच. पेयजल हे त्यातले अग्रक्रमाचे क्षेत्र आहे, पण तो निधी खाणबाधित भागाच्या हक्काचा असून कोणाच्या दंडाची जागा घेत नाही.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावातले शब्द जपून निवडावे लागतात. ‘कंपनीने सीएसआरमधून आर.ओ. द्यावा ही विनंती’ असे लिहिले की गाव स्वतःच याचक ठरते. त्याऐवजी विहिरीचा गट क्रमांक, नमुन्याची तारीख, प्रयोगशाळेचा आकडा, राख तलावापासूनचे अंतर, पाणी नासल्याचे प्रथम लक्षात आले तो महिना आणि ‘स्रोत पूर्ववत होईपर्यंत कंपनीने स्वखर्चाने पाणीपुरवठा करावा’ ही मागणी असा ठराव करावा. त्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती मंडळाचे प्रादेशिक कार्यालय व जिल्हाधिकारी यांच्याकडे देऊन पोच घ्यावी.