लक्तरं वेशीवर: घाशीरामपासून वीर दासपर्यंत

१२ नोव्हेंबर २०२१ला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये स्टँड-अप कॉमेडियन वीर दासने 'मी दोन भारतांतून येतो' हे सहा-सात मिनिटांचं स्वगत सादर केलं. दिवसा बाईची पूजा करायची आणि रात्री तिच्यावर सामूहिक बलात्कार, हे त्यातलं वाक्य सगळ्यात जास्त बोचलं. तीन दिवसांनी व्हिडिओ यूट्यूबवर आला. मग दिल्लीत पोलिसांकडे तक्रार, मुंबईतही तक्रार, आणि मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांची 'आमच्या राज्यात कार्यक्रम होऊ देणार नाही' अशी घोषणा. काँग्रेसमध्येही एकमत नव्हतं. सिब्बल आणि थरूर वीर दासच्या बाजूने बोलले, तर जगासमोर देशाची बदनामी करणं बरं नव्हे, असं सिंघवींचं म्हणणं.

'जगासमोर' हा शब्द जुना आहे. १९२७मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईच्या, भारतीय समाजावर टीका करणाऱ्या 'मदर इंडिया' या पुस्तकावर गांधीजींनी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात लिहिलं. पुस्तकाला त्यांनी गटारं तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच लेखातलं पुढचं फारसं कुणी सांगत नाही: हे पुस्तक अमेरिकन-इंग्रज वाचकांपुढे ठेवायच्या लायकीचं नाही, पण भारतीयांनी वाचलं तर त्यांचा थोडाफार फायदाच होईल. म्हणजे मजकूर तोच, वाचणारा कोण यावर निकाल.

१९८० साली हाच वाद दोनदा पेटला. राज्यसभेच्या खासदार झालेल्या अभिनेत्री नर्गिस यांनी चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय परदेशात भारताची गरिबी विकतात, असा आरोप केला. त्यांना पडद्यावर आधुनिक भारत, म्हणजे नद्यांवरची धरणं, दिसायला हवी होती. (रायांच्या 'पथेर पांचाली'ला पैसा पश्चिम बंगाल सरकारनेच दिला होता, तोही रस्तेविकासाच्या खात्यातून.)

दुसरी गोष्ट आपल्या घरची. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक पुण्यात भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ला पहिल्यांदा उभं राहिलं. त्यात ब्राह्मणांची एक रांग गाता गाता पाठ फिरवली की भिंत होते आणि तिच्या आड नाना फडणवीसांचे रंगढंग चालतात. पुण्यात यावर गदारोळ झालाच. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं, ते करणारी संस्था फुटली, 'थिएटर अकॅडमी' जन्मली, आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. पण १९८०ला बर्लिनचं निमंत्रण आलं तेव्हा विरोधाचा सूर बदलला. इथे काय करायचं ते करा, नानांची लक्तरं युरोपच्या वेशीवर टांगू नका. शिवसेना आडवी आली, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी प्रयोगाआधी खुलासा वाचायचा, या तडजोडीवर मंडळी निघाली. जर्मन प्रेक्षकाला नाना फडणवीस कोण हेच ठाऊक नसणार. त्याला आधी ते थोर होते असं सांगायचं आणि मग नाटक दाखवायचं!

तेव्हा निदान वेस होती. विमान चुकवलं तर नाटक इथेच राहिलं असतं. वीर दासचं स्वगत मात्र केनेडी सेंटरमधल्या खुर्च्यांपेक्षा कितीतरी जास्त भारतातल्या मोबाइलवर पाहिलं गेलं, आणि तक्रारी झाल्या त्याही इथेच. या सगळ्यावर त्याने 'लँडिंग' हा कार्यक्रम रचला आणि २०२३मध्ये त्यासाठी न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार घेतला.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२२मध्ये, हिंदू जनजागृती समितीच्या तक्रारीनंतर त्याचा एक प्रयोग रद्द झाला होता. तक्रारीत वॉशिंग्टनचीच वाक्यं होती. प्रयोग होता बेंगळुरूच्या चौडय्या सभागृहात.