शिक्षकांचे गोपनीय अहवाल (महाराष्ट्रातील खाजगी शाळा)

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त खाजगी शाळांमध्ये शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या कामाचे दरवर्षी होणारे लेखी मूल्यमापन. शाळेच्या बोलीत याला 'सीआर' (कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) म्हणतात. त्याचा आधार म्हणजे खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) अधिनियम, 1977 आणि त्याखालील 1981 ची नियमावली. तिच्यातील नियम 15 अहवालासंबंधी असून नमुना अनुसूची 'ग' मध्ये दिला आहे. शिक्षकांचा अहवाल मुख्याध्यापक लिहितात, मुख्याध्यापकांचा संस्था.

प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावा लागतो. या व्यवस्थेचा खरा कणा मात्र पुढच्या तरतुदीत आहे. अहवाल लिहिलाच नाही किंवा शेरा वेळेत कळवला नाही, तर त्या वर्षीचे काम समाधानकारक होते असेच धरले जाते. म्हणजे आळसाची किंमत शिक्षकाने नव्हे, व्यवस्थापनाने मोजायची. वर्षानुवर्षे कोरे कागद ठेवून एखाद्याला अचानक 'अकार्यक्षम' ठरवणाऱ्या संस्थांची अडचण इथेच होते.

परिविक्षेवरील (प्रोबेशनवरील) शिक्षकांबाबत तर मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवावी, असे नियमच सांगतो. काम समाधानकारक नसल्यास कलम 5 नुसार एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार देऊन सेवा संपवता येते; पण प्रकरण शाळा न्यायाधिकरणात (खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांची अपिले ऐकणाऱ्या मंचापुढे) गेले की ही नोंद कळीची ठरते. म्हणून नवी पद्धत बसवताना सुंदर तक्त्यापेक्षा वर्गनिरीक्षणाचे लॉगबुक, तारखा आणि शिक्षकाची सही यांची शिस्त आधी लावावी. मार्चअखेरीस एका बैठकीत सगळ्यांचे अहवाल भरणे हा मूल्यमापनाचा निव्वळ देखावा होय.

12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व 24 वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी देतानाही गोपनीय अहवाल पाहिले जातात.

राष्ट्रीय पातळीवर एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांसाठी 'पिंडिक्स' हा निर्देशकांचा संच तयार केला. त्यात शिक्षक आधी स्वतःचे मूल्यमापन करतो. विषयज्ञान आणि अध्यापनाच्या नियोजनाबरोबर उपस्थिती व परस्परसंबंधही त्यात मोजले जातात. 'ग' नमुन्यात वरिष्ठाची नजर मुख्य असते. पिंडिक्समध्ये शिक्षकाला आपले म्हणणे आधी मांडता येते. शासकीय सेवकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कळवलाच पाहिजे असे ठरवले.