टॉवर स्पीकर घेण्याआधी टाळी वाजवा

"बांयत बसान गाता काय रे तो?" मामीने पहिल्याच संध्याकाळी निकाल दिला. मालवणीत बांय म्हणजे विहीर. मामेभावाने मालवणजवळचं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं, 18 बाय 12 फुटांचा हॉल काढला, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना पुट्टी. आणि जुनी हौस म्हणून कमरेच्या वर येणारे टॉवर स्पीकर आणले. दुकानात गालिचा, सोफे, जाड पडदे. तिथे ते गोडच वाजले होते.

मी त्याला हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायला सांगितली. टाळीमागून 'टर्रर्र' असा थरथरता शेपटा आला. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत होत्या.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक बिघडलेलं व्याख्यानगृह सोपवलं. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. सेबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचे, घुमणं मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्यांनी धरली ती उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

त्यांचंच सूत्र भावाच्या हॉलला लावून पाहू: आत हवा जितकी जास्त आणि आवाज गिळणारं क्षेत्र जितकं कमी, तितका आवाज जास्त वेळ घुमतो. हॉल 10 फूट उंच धरला तर आत साधारण 61 घनमीटर हवा. प्लास्टर आणि टाइल्स आपल्यावर आलेल्या आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग गिळतात. या हिशेबाने रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सव्वातीन ते साडेतीन सेकंद लागतात. आता 4 बाय 4 फुटांच्या दोन खिडक्या उघडा: घुमणं निम्म्यावर येतं! हिशेब ढोबळ आहे, आणि खर्जाच्या लांब लहरींना तो तितकासा लागू नाही. पण जुन्या घरात मामीला विहीर का ऐकू आली नव्हती, ते कळतं. कौलांच्या फटी आणि उघडी पडवी म्हणजे बारा महिने उघडी खिडकीच.

खर्जाचं दुखणं वेगळं. 47 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 47 कंपनांच्या सुराची लहर सुमारे 7.3 मीटर, म्हणजे 24 फूट लांब. 12 फुटांच्या दोन भिंतींमध्ये ती बरोबर अर्धी मावते आणि तिथेच ठाण मांडते. भिंतीलगत तो सूर ढमढमतो, मधोमध जवळपास गायब होतो. खोली 12 बाय 12 ची चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून हाच सूर फुगतो. अशा खोलीत मोठे टॉवर नेऊच नयेत, असं माझं मत. शिवाय ऐकायचं काय तेही बघावं. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. दशावताराची पायपेटी, मृदंग आणि झांज ऐकायला 20 हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर कशाला?

टॉवर उंच असतो तो मुख्यतः आतल्या हवेसाठी. लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. वॉटच्या आकड्याला भुलू नका; संवेदनशीलता बघा. एका वॉटला एक मीटरवर 87 डेसिबल देणाऱ्या स्पीकरपेक्षा 90 डेसिबलवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते.

आणि डोळ्यांवर तर अजिबात विसंबू नका. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी 1980च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. किंमत आणि नाव दिसेनासं झालं की बहुतेकांची पसंती एकाच दिशेने जाते: सगळे सूर सारख्या जोराने देणारा, बाजूलाही गुळगुळीत आवाज फेकणारा स्पीकर. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जरासा मोठा वाजणारा नेहमीच 'भारी' वाटतो.

किनाऱ्यावर आणखी एक चाचणी हवी. स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीची लवचीक कडा रबराची आहे का, हे जाळी काढून बघा. फोम दमट हवेत कुजतो. एका श्रावणात मी माझ्या जुन्या जोडीच्या कडेला बोट लावलं, तर जुन्या गुळासारखा चिकट भुगा हातात आला. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या खोक्याची उघडी राहिलेली कड ओल पिऊन फुगते, आणि खारी हवा तांब्याच्या वायरीवर हिरवी पुटं चढवते.

भावाने स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले, मधे जाड जाजम टाकलं, मागे पुस्तकांचं कपाट लावलं आणि समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. मामी ऐकत राहिली. मग म्हणाली, "बांयतसून भायर इलो खरो, पण आता सगळे वाडयेत फिरता."