तीव्र हवामान आणि लहान मुले (नागपूर)

उष्णतेच्या लाटा, अतिवृष्टी, वादळे यांचे प्रमाण का वाढत आहे, हे साधारण ५ ते १० वर्षांच्या मुलांना त्यांच्याच अनुभवाच्या आधाराने समजावण्याची रीत. नागपुरात अशा अनुभवांची वाण नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ‘असं काहून होते?’ हे मुले विचारतातच. ‘देव कोपला’ असे उत्तर मिळाले की मूल आपले काय चुकले ते शोधू लागते. म्हणून खरे कारण, थोडक्यात का होईना, सांगावे.

कार्बन डायऑक्साइड हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. अशा वायूंची गोधडी मुळीच नसती तर पृथ्वी गारठली असती. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळत गेल्याने ती जाड झाली. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० हून अधिक आहेत. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या चिमण्या मुलांनी दुरून पाहिलेल्या असतात. तिथे कोळसाच जळतो. मात्र चिमणीतून दिसतो तो धूर म्हणजे हा वायू नव्हे, तो डोळ्यांना दिसत नाही, हेही सांगून टाकावे.

पुढची कडी वाफेची. ती दाखवायला नागपुरी घरातल्या कूलरइतके चांगले साधन नाही. मे महिन्यात सकाळी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत तळाला जाते. पाणी गळालेले नसते. पंप ते ताट्यांवर सोडतो, पंखा ओल्या ताट्यांतून हवा खेचतो आणि पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. मोठ्या माणसाने प्लग काढून ठेवल्यावर टाकीत पट्टी बुडवून सकाळ-संध्याकाळ पाण्याची खोली मोजावी आणि मुलाने ती वहीत लिहावी. (पत्र्याच्या कूलरचा शॉक जीव घेतो, त्यामुळे यात हयगय नको.) तोच कूलर जुलैत लावला तर पाणी फारसे घटत नाही आणि खोली चिकट होते, कारण हवा आधीच दमट असते.

एवढे हाती आले की मोठी गोष्ट सोपी होते. तापमान १ अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. तापलेली हवा जमिनीची ओल ओढून घेते, समुद्रावरून जास्त वाफ उचलते आणि ढगांना ती रिती करायची वेळ आली की पाऊस धो-धो कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे संशोधनात दिसले आहे. उष्णतेच्या लाटांचा संबंध याहून सरळ आहे. गारपिटीचे गणित गुंतागुंतीचे आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याअखेर येणारा फुलोरा) झोडपणारी प्रत्येक गारपीट हवामानबदलानेच आली, असे मुलांना सांगू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पूर्वीही पडत.

पुराबाबतही हीच सावधगिरी हवी. पाऊस किती पडला हा एक प्रश्न आणि पाणी का तुंबले हा दुसरा. सिमेंटच्या रस्त्यांत पाणी मुरत नाही, अरुंद झालेल्या नाल्यांतून ते वाहून जात नाही. शाळेच्या वाटेवरचा एखादा नाला दाखवला तरी मुलांना हे कळते.

आकडे पडताळण्याची सवयही याच वयात लावता येते. मे २०२४ मध्ये शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसली आणि देशभर बातमी झाली. ती उपकरणातील बिघाडामुळे चुकीची असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले.

लहान मुलांपुढे जगबुडीची वर्णने करणे अनुचितच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा का उघडतात, दुपारी बाहेर का पाठवत नाहीत, गडगडाट सुरू होताच झाडाखालून पक्क्या घरात का यायचे, ही कारणे मात्र प्रत्येक मुलाला माहीत असावीत.