जाड दोरी लावली की गवत जास्त चांगलं कापलं जातं?

‘गवत कापायच्या ट्रिमरला जितकी जाड नायलॉन दोरी, तितकी कापणी जोरात’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटण्याजोगा आहे, कारण जाड दोरी लवकर तुटत नाही, एवढं खरंच आहे.

पण दोरीला धार नसते. ती कापते टोकाच्या वेगामुळे. २.४ मिमीऐवजी ३ मिमी दोरी लावली, तर तेवढ्याच लांबीचं वजन सुमारे दीडपट होतं आणि हवेचा विरोधही वाढतो. लहान इंजिनाला हा भार पेलत नाही. फेरे कमी होतात, टोकाचा वेग उतरतो आणि गवत कापलं जाण्याऐवजी फाटतं. शिवाय क्लच (इंजिनाची ताकद दोरीच्या डोक्यापर्यंत पोचवणारा भाग) घसरून तापतो, हे नुकसान तर दिसतही नाही.

पडताळणं सोपं आहे. कापलेली पाती जवळून बघा. टोक सरळ असेल तर वेग पुरेसा आहे. चिंध्या झाल्या असतील, दोनेक दिवसांत टोकं तपकिरी पडली असतील, तर वेग कमी पडतोय. फुल थ्रॉटलला, गवतात न घालताच आवाज दबका येत असेल तर तीही खूणच.

योग्य जाडी मशीनच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तेवढीच वापरा. जास्त लांब दोरी सोडायला गार्ड (दोरीवरचं संरक्षक झाकण) काढणं तर अजिबात नको: भारही वाढतो आणि खडे थेट अंगावर येतात. जाड देठांच्या झुडपांसाठी ब्रश कटर आणि त्याला चालणारं धातूचं पातंच हवं.